धुराड्याची कीर्द

म्हैसूर संस्थानात चंदनाचे लाकूड विपुल होते. परंतु पहिल्या महायुद्धापूर्वी त्याचे तेल तेथे मोठ्या प्रमाणावर निघत नसे. लाकडाचा लिलाव होई, बराचसा माल जर्मनीस जाई आणि तेथील कारखान्यांत त्याचे तेल होई. १९१४ साली युद्धास तोंड लागले, हा व्यापार बंद पडला आणि लाकडाला गिऱ्हाईक राहिले नाही. त्या वेळी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे संस्थानचे दिवाण होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रसायनशास्त्रज्ञांच्या साहाय्याने तेल काढण्याचे प्रयोग झाले आणि १९१६-१७ च्या सुमारास संस्थानचे स्वतःचे चंदनतेलाचे कारखाने उभे राहिले. चंदनाच्या भुशातून वाफ खेळवावयाची, वाफेबरोबर उडून आलेले तेल थंड करून वेगळे करावयाचे, अशी ही कृती. वाफ म्हटली की भट्टी आली, भट्टीला जळण आले आणि जळणामागोमाग धुराडेही आले.

लाकूड किती आले, तेल किती उतरले, जळणावर खर्च किती झाला, याच्या नोंदी त्या काळच्या कोणत्याही व्यवस्थित कारखान्याच्या कीर्दीत सापडाव्यात. धुराड्यातून काय आणि किती निघून गेले, असा रकाना मात्र त्या कीर्दीत नसे. जे आकाशात गेले ते हिशेबाबाहेर गेले, अशीच सर्वांची समजूत होती आणि तिच्यात कोणास काही वावगे वाटत नव्हते.

आज तो रकाना आला आहे. म्हैसूर शहराच्या दक्षिणेस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर, कपिला म्हणजेच कबिनी नदीच्या काठी, श्रीकंठेश्वराच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेले नंजनगूड हे गाव आहे. त्याच्या आसपास कागद, औषधे, कॉफी, साखर अशा नाना मालाचे कारखाने आहेत. खुद्द म्हैसुरात टायर तयार होतात. यांपैकी बहुतेक उद्योगांना वाफ लागते, आणि धुराड्यातून जाणाऱ्या पदार्थांचा हिशेब प्रत्येकास सरकारदरबारी सादर करावा लागतो. तो रकाना भरावा कसा, आणि भरलेला आकडा खरा आहे हे ओळखावे कशावरून, हा प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे.

डोळ्यांनी मोजलेला धूर

कारखान्याच्या धुराची मोजणी कायद्याने प्रथम इंग्लंडात सुरू झाली. तेथील सोड्याच्या कारखान्यांतून हायड्रोजन क्लोराइड हा झोंबणारा वायू मोकळ्या हवेत सुटे आणि भोवतालची झाडे व पिके करपून जात. १८६३ साली झालेल्या ‘अल्कली कायद्या’ने असा दंडक घातला की, या वायूपैकी शेकडा ९५ भाग कारखानदाराने पाण्यात शोषून घेतलाच पाहिजे. रॉबर्ट ॲंगस स्मिथ हा रसायनशास्त्रज्ञ पहिला मुख्य निरीक्षक झाला. थोड्याच काळात एक अडचण उघड झाली. शेकडेवारी काढावयाची तर मुळात वायू किती निर्माण झाला हेही ठाऊक हवे, आणि ते सांगणार कारखानदारच. म्हणून १८७४ च्या कायद्याने धुराड्यातील दर घनफूट हवेत ०.२ ग्रेन आम्लवायू, अशी दुसरी मर्यादा घालून दिली. ती पारखण्यास कारखानदाराच्या शब्दाची गरज नव्हती. तपासनिसाने धुराड्यातून नमुना घेतला की काम भागे.

काळ्या धुरासाठी मात्र इतकी खटपट कोणी करीत नसे. १८८८ च्या सुमारास मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच प्राध्यापकाने एक साधा तक्ता तयार केला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची कमीअधिक दाट जाळी काढलेली असे. काही अंतरावरून पाहिले म्हणजे ती जाळी करड्या रंगाच्या निरनिराळ्या छटांसारखी दिसे. शून्य म्हणजे निखळ पांढरा, पाच म्हणजे ठार काळा. धुराची छटा या तक्त्याशी ताडून पाहावयाची आणि आकडा लिहावयाचा. मुंबईच्या गिरणगावातही धुराड्यांची दाटी झाली होती, आणि धुराच्या उपद्रवाला आळा घालण्यासाठी मुंबई इलाख्यात १९१२ साली स्वतंत्र कायदा करण्यात आला. बंगालने तसा कायदा त्यापूर्वीच, १९०५ साली केला होता.

डोळ्यांच्या या मोजणीत दोन उणिवा आहेत. काळा दिसणारा धूर वजनाने किती हे तीवरून कळत नाही. आणि जो वायू मुळीच दिसत नाही तो तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. कार्बन डाय-ऑक्साइड हा असाच एक वायू आहे. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ साली हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर त्याचे नियमित मोजमाप सुरू केले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग आढळले. आज ही संख्या ४२० च्या वर गेली आहे. सूर्याची उष्णता पृथ्वीवर येऊ द्यावयाची आणि पृथ्वीची परत जाणारी उष्णता काही अंशी अडवून धरावयाची, हा या वायूचा गुण. ज्यांच्या अंगी तो आहे त्या सर्वांस हरितगृह वायू म्हणतात. तक्ता घेऊन गच्चीवर उभ्या राहिलेल्या तपासनिसास यांतले काहीच दिसले नसते.

तेव्हा कारखान्यापुढे आज एक सोडून दोन हिशेब आहेत. एक, धुराड्यातील कण आणि विषारी वायू यांचा. हा प्रत्यक्ष धुराड्यावर चढून करावा लागतो. दुसरा हरितगृह वायूंचा. हा बहुतांशी जळणाच्या वहीवरून करता येतो. दोहोंची रीत निराळी आणि चुका होण्याच्या जागाही निराळ्या.

धुराड्यावर चढून

धुराड्यातील कणांचे वजन करणे हे वरवर सोपे वाटते. एक नळी आत घालावी, थोडा धूर ओढून घ्यावा, तो गाळावा आणि गाळणीवर बसलेली राख तोलावी. कृती खरोखर एवढीच आहे. परंतु तिची प्रत्येक पायरी निसरडी आहे.

प्रथम जागेचा प्रश्न येतो. भट्टीतून निघालेला धूर वळणे घेत धुराड्यात शिरतो. वळणापाशी कण एका बाजूस लोटले जातात व तेथे भोवरे उठतात. म्हणून नमुना घेण्याचे भोक, धुराड्याचा व्यास एक मीटर असेल तर शेवटच्या वळणापासून आठ मीटर वर आणि तोंडापासून किमान दोन मीटर खाली असावे, म्हणजे अनुक्रमे व्यासाच्या आठपट व दुप्पट अंतर राखावे, असा संकेत आहे. त्या उंचीवर मजबूत शिडी आणि उभे राहण्यास फलाट हवा. पुष्कळ लहान कारखान्यांचे घोडे येथेच अडते. धुराडे बांधताना फलाटाचा विचार झालेला नसतो, आणि मग नमुना घेता येईल अशा सोईच्या, पण चुकीच्या ठिकाणी घेतला जातो.

दुसरा प्रश्न वेगाचा, आणि सर्व मोजणीचे मर्म त्यातच आहे. धूर धुराड्यात ज्या वेगाने वर चढत असेल नेमक्या त्याच वेगाने तो नळीत ओढला गेला पाहिजे. असे का? एस. टी. ची गाडी एकदम वळली म्हणजे उतारू वळणाच्या उलट बाजूस कलंडतात, कारण त्यांचे शरीर मूळ दिशेनेच जाऊ पाहत असते. राखेच्या जड कणांचेही तसेच आहे. नळीतील ओढ मंद असेल तर पुष्कळसा वायू नळीच्या तोंडाला वळसा घालून निघून जातो, पण जड कण न वळता सरळ आत शिरतात. मग राख वाजवीपेक्षा अधिक भरते. ओढ जोराची असेल तर आजूबाजूचा वायू वळून नळीत येतो, पण त्यातील जड कण मात्र वळत नाहीत, बाहेरच राहतात. मग राख कमी भरते. परीक्षकाने केवळ पंपाची कळ थोडी अधिक फिरविली तरी कारखाना कागदावर स्वच्छ होऊ शकतो, हे येथे लक्षात ठेवावे.

धुराचा वेग समजण्यासाठी जी नळी वापरतात ती हेन्री पिटो या फ्रेंच अभियंत्याची. त्याने १७३२ साली पॅरिसच्या सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी ती योजिली होती. धुराड्याच्या मध्यभागी वेग जास्त व कडेला कमी असतो. म्हणून एकाच ठिकाणी न थांबता व्यासावरील अनेक बिंदूंवर नळी सरकवीत जावे लागते. या कामास तास दीड तास सहज लागतो, आणि तोही तापलेल्या धुराड्याला खेटून.

गाळणी म्हणून अंगठ्याच्या टोपणाच्या आकाराची एक टोपी असते. ती आधी वाळवून तोलतात, नंतर पुन्हा वाळवून तोलतात. समजा तिचे वजन ९० मिलिग्रॅमने वाढले, आणि तिच्यातून ०.६ घनमीटर वायू गेला. म्हणजे दर घनमीटरास १५० मिलिग्रॅम कण झाले. तापलेला वायू फुगतो, यासाठी हे घनमीटर एका ठरीव तपमानावर व दाबावर आणून मांडतात. आता धुराड्यातून तासाला असा २०,००० घनमीटर वायू जात असेल तर तासाला ३ किलोग्रॅम आणि अहोरात्र भट्टी चालली तर ७२ किलोग्रॅम राख आकाशात गेली. कीर्दीत लिहावयाचे ते हे.

तथापि एक पळवाट राहतेच. पंख्याने बाहेरची स्वच्छ हवा धुराड्यात सोडली तर वायू दुप्पट होईल आणि दर घनमीटरामागील राख निम्मी दिसेल. एकूण राख मात्र तितकीच बाहेर पडेल. या युक्तीस उतारा म्हणून लहान बॉयलरांच्या मानकात असे ठरविले आहे की, धुरातील कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण शेकडा १२ आहे असे धरून आकडा सुधारून घ्यावा. प्रत्यक्षात ते शेकडा ६ भरले, तर धूर दुप्पट पातळ झाला असे समजून आकड्यास दोहोंनी गुणावयाचे. हवा मिसळणाऱ्याची चोरी धुरातलाच एक वायू साक्ष देऊन उघडी पाडतो, ही योजना मोठी मार्मिक आहे. तसेच त्या दिवशी बॉयलर पूर्ण जोराने चालू होता की अर्ध्या, याची नोंद नसलेल्या अहवालास किंमत देऊ नये. सणाच्या आदल्या दिवशी, निम्मी यंत्रे बंद असताना घेतलेला नमुना वर्षभराची साक्ष देऊ शकत नाही.

जळणाच्या वहीवरून

कार्बन डाय-ऑक्साइडसाठी एवढे चढउतार करावे लागत नाहीत. कोळशात जो कार्बन असतो तोच जळून हा वायू होतो. १२ भार कार्बनास ३२ भार प्राणवायू मिळतो आणि ४४ भार वायू तयार होतो. म्हणून जळलेल्या कार्बनाच्या वजनास ४४ भागिले १२, म्हणजे जवळजवळ ३.६७ ने गुणले की झाले.

नंजनगूडच्या बाजूस एक कारखाना आहे अशी कल्पना करावी. त्याच्या बॉयलरमध्ये रोज २० टन कोळसा जळतो आणि त्यात शेकडा ४५ भाग कार्बन आहे. म्हणजे ९ टन कार्बन. म्हणजे दिवसास ३३ टन वायू. वीस टन जळणातून तेहेतीस टन वायू कसा, असे शाळेतील मुले हटकून विचारतात. अधिकचे वजन हवेतून घेतलेल्या प्राणवायूचे असते. वीज गेल्यावर चालविण्याच्या जनित्रात रोज २०० लिटर डिझेल जळत असेल, तर लिटरामागे सुमारे २.६८ किलोग्रॅम या हिशेबाने आणखी ५३६ किलोग्रॅम होतात. विजेच्या तारांतून घेतलेल्या दर युनिटामागे देशात सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम वायू कोठल्या तरी वीजकेंद्रात निर्माण झालेला असतो. दहा हजार युनिटांस तो सात टन होतो. हा शेवटचा आकडा स्वतःच्या धुराड्यातून गेलेला नाही, म्हणून तो वेगळ्या रकान्यात मांडतात.

इतके झाल्यावर हिशेब संपला असे वाटते, आणि नेमके येथेच फसायला होते. शीतगृहाच्या यंत्रातील वायू गळतो तेव्हा ना धूर दिसतो ना वास येतो. यंत्र थंड करीनासे झाले की कारागीर येतो, नवा वायू भरतो आणि पावती देऊन जातो. आर-२२ या नावाने ओळखला जाणारा शीतवायू उष्णता अडविण्यात, शंभर वर्षांचा विचार करता, कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट प्रभावी आहे. म्हणजे वर्षभरात दहा किलोग्रॅम गळला तरी तो अठरा टनांच्या बरोबरीचा. वर कल्पिलेल्या बॉयलरचा अर्ध्या दिवसाहून अधिक काळचा धूर झाला! त्याची एकमेव खूण म्हणजे दुरुस्तीखात्याच्या फायलीतील ती पावती. सांडपाण्याच्या झाकल्या डबक्यातून निघणारा मिथेन हाही असाच दुर्लक्षित राहतो. तो वजनास वजन सुमारे २८ पट प्रभावी आहे.

साखर कारखान्यात उसाचे चिपाड जाळतात, इतरत्र लाकूडफाटा किंवा शेतातील काडीकचरा. यांतूनही कार्बन डाय-ऑक्साइड निघतोच. पण तो उसाने वर्ष दीड वर्षापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून त्याची नोंद वेगळी करून एकूण बेरजेत धरीत नाहीत. चिपाडाची राख आणि काजळी यांना मात्र ही सवलत नाही. ती शेजारच्या घरांवर कोळशाच्या राखेप्रमाणेच पडते.

जळणाच्या वहीतील चुका बहुतेक फसवणुकीच्या नसतात, साध्या असतात. खरेदीखात्याच्या वहीत वर्षभरात आलेला कोळसा असतो. जळलेला कोळसा काढण्यासाठी आरंभीची शिल्लक त्यात मिळवून अखेरची शिल्लक वजा करावी लागते, आणि ती शिल्लक म्हणजे आवारातला एक ओबडधोबड ढीग. त्याचे घनफळ काढून अंदाजे वजन धरतात. जून महिन्यात ढिगावर पाऊस पडतो, कोळसा पाणी पितो आणि वजनकाट्यावर पाणीही कोळशाच्या भावाने तोलले जाते. प्रयोगशाळेने कार्बनाचे प्रमाण वाळविलेल्या नमुन्यावर काढलेले असेल आणि कारकुनाने ते ओल्या वजनास लावले, तर हिशेब फुगतो. उलटही होते. अशा कारखान्यास मदत करावयास आलेला जाणता मनुष्य प्रथम धुराड्याकडे पाहत नाही. तो वजनकाट्याची पावती, कोठारवही आणि फायरमनची पाळीवही या तीन कागदांचा मेळ बसतो का ते पाहतो. तिन्हींत तीन आकडे असले, आणि ते पुष्कळदा असतात, तर सुधारणा तेथूनच सुरू होते.

कागद कोण मागतो

भारतात पाण्याच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ साली व हवेच्या प्रदूषणाचा १९८१ साली झाला. १९८४ च्या भोपाळच्या भीषण दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. कर्नाटकाचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७४ पासून आहे. महाराष्ट्राचे त्याहून जुने, १९७० चे. कारखाना चालविण्यास मंडळाचे संमतीपत्र लागते आणि धुराड्यातून किती जाऊ द्यावयाचे याच्या अटी त्यात लिहिलेल्या असतात. शिवाय अशा कारखान्याने मार्चअखेरच्या वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपूर्वी मंडळास द्यावयाचे असते. ही तरतूद १९९२ मध्ये झाली. या पत्रात पाणी व कच्चा माल किती लागला, नगामागे तो घटला की वाढला, हवेत व पाण्यात काय सोडले, घातक कचरा किती निघाला, हे सारे येते.

२०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने अधिक प्रदूषण करणाऱ्या सतरा प्रकारच्या उद्योगांस धुराड्यात कायमची यंत्रे बसवून आकडे सतत मंडळाकडे पाठविण्याचा आदेश दिला. साखर, कागद, औषधे, मद्यार्क हे त्यांत येतात. हे यंत्र राख तोलीत नाही. बहुधा ते धुरातून प्रकाशाचा झोत सोडते आणि तो किती मंदावला यावरून अंदाज बांधते. त्या अंदाजाची सांगड शेवटी टोपी तोलून काढलेल्या आकड्याशीच घालावी लागते. काचेवर काजळी बसली, किंवा वर्षानुवर्षे यंत्र ताडून पाहिले नाही, तर ते निष्ठेने चुकीचे आकडे पाठवीत राहते.

हरितगृह वायूंचा हिशेब मागणारे दरवाजे वेगळे आहेत. शेअरबाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून तो आपल्या वार्षिक अहवालात द्यावा लागतो. २०२३ साली केंद्र सरकारने कार्बन पतव्यापाराची योजना अधिसूचित केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार उद्योगांतील मोठ्या कारखान्यांना दर टन मालामागे किती वायू सोडता येईल याची उद्दिष्टे ठरवून दिली. उद्दिष्टापेक्षा कमी सोडणाऱ्यास पतपत्रे मिळतात, अधिक सोडणाऱ्यास ती विकत घ्यावी लागतात. म्हणजे कोळशाच्या ओल्या ढिगाचा अंदाज चुकला तर आता प्रत्यक्ष पैशाची देवघेव चुकते.

मोजणाऱ्यास पैसे कोण देतो

येथपर्यंत हा प्रश्न यंत्रांचा आणि गणिताचा वाटतो. तो निराळ्याच ठिकाणी अडतो, हे कसून केलेल्या एका तपासणीने दाखवून दिले. ती तपासणी म्हैसूरला झालेली नाही, गुजरातेत झाली. परंतु तेथे जे आढळले ते कोणत्याही औद्योगिक वसाहतीने वाचून ठेवावे असे आहे.

गुजरातेत उच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ पासून प्रदूषक कारखान्यांची दरसाल त्रयस्थ लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घेण्याची पद्धत पडली. परीक्षक त्रयस्थ खरा. पण त्याला निवडावयाचे कारखान्याने, आणि पैसेही द्यावयाचे कारखान्यानेच. अप्रिय आकडा लिहिणाऱ्यास पुढल्या वर्षी कोण बोलावील? कामाचा बाजारभावही इतका खाली आलेला होता की तेवढ्यात धुराड्यावर चढून नीट नमुने घेणेच परवडू नये.

२००९ ते २०११ या दोन वर्षांत गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने एस्तेर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांच्या सहकार्याने अहमदाबाद व सुरत भागांतील ४७३ कारखान्यांवर एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या कारखान्यांसाठी रीत बदलली. कोणत्या कारखान्याकडे कोणता परीक्षक जाईल हेही चिठ्ठीने ठरले. त्याचे शुल्क ठरावीक आणि सामाईक निधीतून. आणि त्याने मोजलेल्या धुराड्यांपैकी काही धुराडी दुसऱ्याच तज्ज्ञांनी मागाहून अचानक मोजून पाहावयाची. दुसऱ्या वर्षी, ज्याचे आकडे फेरमोजणीशी जुळतील त्यास अधिक मोबदला ठेवला. उरलेल्या कारखान्यांत जुनीच रीत चालू राहिली.

कणांची मर्यादा दर घनमीटरास १५० मिलिग्रॅम होती. जुन्या रीतीच्या अहवालांचा आलेख काढला तेव्हा आकडे १५० च्या जरासे खाली दाटीवाटीने बसलेले दिसले. निसर्गात आकडे असे रांगेत उभे राहत नसतात. या अहवालांप्रमाणे अवघे शेकडा ७ कारखाने कणांची मर्यादा ओलांडीत होते. फेरमोजणीत मात्र शेकडा ५९ कारखान्यांनी ती ओलांडलेली आढळली.

नव्या रीतीत मर्यादा पाळल्याचा खोटा दाखला देण्याचे प्रमाण शेकडा ८० ने खाली आले. परीक्षक बहुतेक तेच, यंत्रे तीच, टोपी आणि तराजूही तोच होता. बदलला होता तो फक्त पैशाचा मार्ग. यापुढील निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. खरे आकडे मंडळाकडे जाऊ लागल्यावर त्या कारखान्यांनी प्रदूषण प्रत्यक्षात कमी केले, आणि सर्वाधिक घट झाली ती सर्वाधिक धूर सोडणाऱ्यांत. राख गाळण्याचे साहित्य बाजारात पूर्वीही होते. ते बसविण्याची निकड खोट्या कागदामुळे कोणास भासत नव्हती. ज्या मालकाने पदरचे पैसे खर्चून ते आधीच बसविले होते तो मात्र इतकी वर्षे न बसविणाऱ्याशी त्याच बाजारात, त्याच भावात स्पर्धा करीत होता. खोट्या अहवालाची पहिली झळ शेजारच्या वस्तीला लागते हे खरे, पण दुसरी या मालकालाच लागते. तो आपल्या नुकसानीची तक्रारही कोठे करू शकत नाही, कारण कागदावर सारेच सारखे स्वच्छ असतात.

पुढे २०१९ साली सुरतेत सतत मोजणाऱ्या यंत्रांच्या आधारावर कणांच्या परवान्यांचा बाजार सुरू करण्यात आला. सर्व कारखान्यांनी मिळून किती राख सोडावी हे ठरवून तेवढेच परवाने वाटले. ज्यास कमी लागतील त्याने विकावे, ज्यास जास्त लागतील त्याने घ्यावे. त्यात सहभागी झालेल्या कारखान्यांचे कणप्रदूषण इतरांच्या मानाने शेकडा २० ते ३० कमी भरले. महाराष्ट्राने त्याआधी, २०१७ च्या जूनमध्ये, वेगळी वाट धरली होती. धुराड्यांच्या मोजणीवरून कारखान्यांना एक ते पाच तारे द्यावयाचे आणि ते सर्व लोकांपुढे मांडावयाचे, अशी ती योजना होती.

लहान कारखानदाराची अडचण यांहून वेगळी आणि सहानुभूतीस पात्र आहे. त्याच्याकडे पर्यावरणाचा स्वतंत्र विभाग नसतो. विवरणपत्र बहुधा हिशेबनीस भरतो आणि बॉयलरचे आकडे फायरमनला विचारून घेतो. बाहेरचा सल्लागार येतो तो सप्टेंबरच्या अखेरीस, गेल्या वर्षीची प्रत पुढे ठेवून. अशा ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालयांचा मोठा उपयोग होण्यासारखा आहे. म्हैसूरच्या श्री जयचामराजेंद्र महाविद्यालयात, जे आता जे. एस. एस. विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाचा भाग आहे, पर्यावरण अभियांत्रिकी शिकविली जाते. फलाट कोठे बांधावा, काटा केव्हा ताडून घ्यावा, पाळीवहीत कोणते रकाने असावेत, हे एकदा बसवून दिले म्हणजे पुढील वर्षांचा कागद पुष्कळसा आपोआप तयार होतो. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत.

२९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने पर्यावरण लेखापरीक्षेचे नवे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार परीक्षकांची पात्रता तपासून त्यांची नोंदणी व्हावयाची आहे. आणि कोणत्या परीक्षकाने कोणत्या कारखान्यात जावे हे कारखान्याने ठरवावयाचे नसून ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, यदृच्छेने ठरावयाचे आहे.